बसवणं

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलं की एक आरोळी फुटबॉलच्या हंगामात कधी ना कधी कानावर येतेच : "बाहेर काढा त्याला!" पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, खंडोबा, फुलेवाडी असे तालमी-मंडळांचे संघ उतरलेले असतात. ज्या पोराच्या गोलावर गेल्या वर्षी पेठेत गुलाल उधळला, त्याच्याच पायातून यंदा बॉल निसटायला लागतो. पहिल्या मॅचला लोक हळहळतात, दुसरीला गप्प बसतात, तिसरीला एक जण ओरडतो. मग रांग ओरडते. मग अख्खी बाजू. मैदानातल्या पोराला ते सगळं ऐकू येतं.

मी बास्केटबॉलवाला. शाळेच्या मुलींच्या संघाबरोबर पंचवीस वर्षं गेली. पण आरोळी तीच आणि प्रश्नही तोच : फॉर्म गेलेल्या खेळाडूला खेळवत ठेवायचं की बसवायचं? यंदा तो प्रश्न माझ्याच संघात उभा राहिलाय. म्हणून ही टिपणं.

*

आमची नऊ नंबर. नाव लिहीत नाही. दोन वर्षं पहिल्या पाचात आहे. दोन्ही हातांनी लेअप, कोपऱ्यातून शॉट, आणि मॅच अडली की बॉल तिच्याकडं. यंदा तीन मॅच झाल्या, तिचा हात चालत नाही. बॉल रिंगच्या कडेवर क्षणभर थांबतो आणि बाहेरच्या बाजूला पडतो. पालक विचारतात, सहकारी शिक्षक विचारतात. मुली विचारत नाहीत, पण बघतात.

*

आधी हिशेब. समजा एखादी मुलगी दहातले चार शॉट घालते. शाळेच्या पातळीवर हे चांगलंच म्हणायचं. तिचा खेळ जराही बिघडलेला नसला, तरी एखाद्या मॅचमध्ये दहापैकी दोन किंवा त्याहून कमी शॉट पडण्याची शक्यता किती? कागदावर मांडून पाहिलं : सुमारे १७ टक्के. म्हणजे सहा मॅचमागं एक. सलग पाच शॉट हुकण्याची शक्यता जवळपास ८ टक्के. तेव्हा एक वाईट मॅच हा कशाचाच पुरावा नव्हे. पण तशा तीन मॅच लागोपाठ निव्वळ नशिबानं येणं हे दोनशेत एकदा घडावं असं आहे. तिथं प्रशिक्षकानं उठून जवळ जाऊन बघायला हवं.

बघायला हवं, एवढंच. बसवायला हवं, हे अजून ठरलेलं नाही.

*

१९८५ साली थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी एनबीएतल्या फिलाडेल्फिया संघाचे शॉट तपासले आणि लिहिलं की 'हात बसला', 'हात गेला' हे बघणाऱ्याच्या मनाचे खेळ आहेत. आधीचे शॉट पडले म्हणून पुढचा पडण्याची शक्यता वाढत नाही. तीसेक वर्षं बहुतेकांनी ते मानलं. मग २०१८ मध्ये जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सानहुर्हो यांनी दाखवलं की त्या मोजण्याच्या रीतीतच एक बारीक चूक होती, आणि ती काढली तर हात बसणं हा निव्वळ भ्रम ठरत नाही.

एवढ्या हुशार माणसांना शेकडो शॉट समोर ठेवूनही हे कळायला तीस वर्षं लागली. मला तीन मॅचमध्ये कळलं असं मी समजलो, तर ते बरोबर होणार नाही.

*

बसण्याचं वजन खेळागणिक वेगळं असतं. क्रिकेटमध्ये अकरातून वगळलं की कसोटीचे पाचही दिवस गेले. फुटबॉलमध्ये बदली केलेला खेळाडू सहसा त्या मॅचला परत येत नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र बारा जणींतल्या कुणालाही कितीही वेळा आत-बाहेर करता येतं. दोन मिनिटं बसव, पाणी पाज, कानात दोन शब्द सांग, परत पाठव. या खेळात बाक हा खेळाचाच भाग आहे. एनबीएत तर बाकावरून येऊन सर्वांत चांगलं खेळणाऱ्याला वेगळं पारितोषिक आहे. अर्जेंटिनाच्या मानू जिनोबिलीला ते २००८ मध्ये मिळालं.

तरीही पहिल्या पाचातून नाव गेलं की पंधरा वर्षांच्या मुलीला ते काय वाटतं, हे नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

*

पाच डाव. कसोटी क्रिकेटमधला हा आकडा माझ्या मनात का बसला ते लिहून ठेवतो.

सचिन तेंडुलकर, ऑस्ट्रेलिया दौरा २००३-०४ : ०, १, ३७, ०, ४४. बेरीज ८२.

अजिंक्य रहाणे, श्रीलंकेविरुद्ध मायदेशी, २०१७ : ४, ०, २, १, १०. बेरीज १७.

रोहित शर्मा, ऑस्ट्रेलिया दौरा २०२४-२५ : ३, ६, १०, ३, ९. बेरीज ३१.

तिघेही मुंबईकडून खेळणारे, तिघेही आपापल्या वेळी संघाचे आधार. पाच डाव तिघांचेही वाईट. पण त्या पाच डावांना तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली.

*

रहाणेचं उत्तर इतरांनी दिलं. तो उपकर्णधार होता, परदेशातल्या खेळपट्ट्यांवर त्याच्या धावा होत्या, आणि जानेवारी २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिल्या दोन कसोटींना त्याला बसवलं. कारण सांगितलं ते सध्याच्या फॉर्मचं. त्याच्या जागी खेळला रोहित. दोन्ही कसोटी गेल्या. जोहान्सबर्गच्या तिसऱ्या कसोटीत, बॉल अंगावर उसळत असताना, रहाणेनं दुसऱ्या डावात ४८ केल्या आणि भारत ६३ धावांनी जिंकला.

बसल्यामुळं तो ४८ करू शकला असं मी म्हणणार नाही. मला एवढंच दिसतं की निवडताना घरच्या मैदानांवरचे पाच डाव मोजले गेले; बाहेरच्या मैदानांवरची वर्षं बाजूला राहिली. हातात असलेला सर्वांत ताजा आकडा नेहमीच सर्वांत खरा आकडा वाटतो.

*

रोहितचं उत्तर त्यानं स्वतः दिलं. कर्णधार असून ३ जानेवारी २०२५ ला सिडनीची कसोटी सुरू झाली तेव्हा तो अकरात नव्हता. नाणेफेकीला बुमराह गेला. दुसऱ्या दिवशी रोहितनं जाहीरपणे सांगितलं की धावा होत नाहीत म्हणून या सामन्यापुरता मी बाजूला झालोय, निवृत्त झालेलो नाही. सात वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी दुसऱ्याला बसवलं, त्यानं या वेळी स्वतःला बसवलं.

भारत तो सामना हरला, पण त्यामुळं त्याचा निर्णय चुकीचा ठरत नाही. मार्चमध्ये दुबईला चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात त्यानं ७६ केल्या आणि सामनावीर झाला. मे महिन्यात कसोटी क्रिकेट सोडलं. म्हणजे एका खेळाच्या दोन प्रकारांत एकाच माणसाच्या बाबतीत दोन उत्तरं खरी निघाली. 'फॉर्म गेला' हे वाक्य त्यामुळं मी आता अर्धवट मानतो. काय गेलं? पाय, नजर, धीर की फक्त धावा?

*

सचिनचं उत्तर मला सर्वांत शिकवणारं वाटतं. त्याला कुणी बसवलं नाही, त्यानंही स्वतःला बसवलं नाही. त्यानं एका फटक्याला बसवलं. त्या दौऱ्यात ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंमागं जाऊन तो बाद होत होता. जानेवारी २००४ च्या सिडनी कसोटीत त्यानं कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला. ४३६ चेंडू, ३३ चौकार, नाबाद २४१.

नऊ नंबरची वही उघडून बसलो. तिचे हुकलेले शॉट कुठून मारलेले आहेत? निम्म्याहून जास्त डाव्या कोपऱ्यातून, दोघींच्या डोक्यावरून. म्हणजे मुलीला बसवण्याआधी तो कोपरा बसवून बघता येईल.

*

बसवलं नाही म्हणून काय होतं याचं मोठं उदाहरण २२ जून १९९४ चं. एनबीएची अंतिम मालिका, सातवी मॅच, ह्यूस्टन विरुद्ध न्यूयॉर्क. न्यूयॉर्कचा जॉन स्टार्क्स त्या रात्री १८ पैकी २ शॉट घालू शकला. तीन गुणांचे ११ मारले, एकही पडला नाही. प्रशिक्षक पॅट रायली यांनी त्याला खेळवत ठेवलं. बाकावर रोलँडो ब्लॅकमन नावाचा जुना, भरवशाचा शूटर बसून राहिला. न्यूयॉर्क ८४-९० हरलं. ब्लॅकमनला उतरवलं नाही याची खंत रायली यांनी पुढं बोलून दाखवली.

पण आधीच्या, सहाव्या मॅचला याच स्टार्क्सनं २७ गुण केले होते. त्याच्या जिवावरच ती मॅच शेवटच्या शॉटपर्यंत आली होती. रायलींच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? खरं सांगायचं तर मीही त्याला ठेवलं असतं. आणि मीही हरलो असतो. ज्यानं इथवर आणलं त्याला आज उठवायचं नाही, ही भावना माणूस म्हणून चांगलीच आहे. पण ती बाकीच्या अकरा जणांना आपण देणं लागतो याचा विसर पाडते.

*

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर एका जुन्या वस्तादांशी बोलणं झालं. कुस्तीत बाक नाही. लाल मातीत एकटाच उतरतो, एकटाच पडतो. तरी विचारलं, की वस्ताद, लागोपाठ कुस्त्या हरणाऱ्या पोराचं तुम्ही काय करायचा?

"मैदानाला न्यायचो न्हाई थोडे दिस. घरच्या हौद्यातच ठेवायचो."

"हरला म्हणून?"

"पडला म्हणून न्हाई ठेवत, सर. भ्याला म्हणून ठेवतो. पडणारा समोरच्याच्या हाताकडं बघत पडतो. भ्यालेला पंचाकडं बघतो, कवा सुटवतोय म्हणून."

पेला रिकामा करून उठले, चालू लागले. मी रात्री घरी येऊन आधी हे लिहून काढलं. इतकी वर्षं मी शॉट मोजत आलो. नजर मोजायला हवी होती.

*

बास्केटबॉलमध्ये ती नजर हातात दिसते. बॉल हवा असणारी मुलगी मोकळी झाली की हात वर करते, पंजे उघडे ठेवते. शॉट हुकत असले तरी हात वर येत असतील, तर ती फक्त पडते आहे; तिला खेळवत ठेवावं. हात खाली राहिले, ती बचाव करणाऱ्या मुलीच्या पाठीआड उभी राहायला लागली, आलेला बॉल तापलेल्या तव्यासारखा लगेच दुसरीकडं टाकायला लागली, की ती भ्यालेली आहे. तिला बाहेर घ्यायला हवं, आणि ते संघासाठी हवं त्याहून जास्त तिच्यासाठी हवं.

नऊ नंबर पहिल्या मॅचला हुकत होती आणि बॉल मागत होती. तिसऱ्या मॅचच्या दुसऱ्या अर्ध्यात तिनं एकदाही हात वर केला नाही.

*

बसवण्याआधी तपासायच्या गोष्टी, माझ्या अनुभवावरून :

झोप. दहावीची मुलगी पहाटे क्लास, मग शाळा, मग सराव, मग पुन्हा क्लास. संध्याकाळी सहाला तिच्या पायात जोर कुठून येणार?

रक्त. या वयाच्या मुलींत हिमोग्लोबिन कमी असणं फार आढळतं. चौथ्या क्वार्टरला शॉट रिंगच्या अलीकडं पडायला लागले, तर आधी आईला भेटून रक्त तपासायला सांगावं.

उंची. वाढीच्या वयात सुट्टीत भराभर उंची वाढते आणि हाताला लागलेलं जुनं माप चुकतं. मुलीला वाटतं खेळ गेला. खरं तर शरीर नवं झालेलं असतं, त्याची ओळख व्हायला वेळ लागतो.

डोळे. एका मुलीचे फ्री थ्रो अख्खा हंगाम चुकत होते. आम्ही हात बदलला, पाय बदलले, रागावलो. मग वर्गशिक्षिकेनं सांगितलं की तिला फळ्यावरचं दिसत नाही. तिचा खेळ कुठं गेला नव्हता. डोळ्यांना नंबर लागला होता.

घर. याबद्दल विचारावं, पण खोदून विचारू नये.

या पाचांतलं काही निघालं, तर प्रश्न बसवण्याचा राहतच नाही. मुलीला काय हवंय ते आपल्याला कळलेलं असतं.

*

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

खूप वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या स्पर्धेत मी आमच्या सात नंबरला बसवलं. तिच्याही दोन-तीन मॅच वाईट गेल्या होत्या. आदल्या दिवशी तिला सांगावं असं मनात आलं होतं, पण मुलगी रडली तर काय करायचं, या विचारानं मी टाळलं. कोर्टशेजारच्या झाडाखाली पहिली पाच नावं वाचली. तिचं नव्हतं. तिनं बुटाच्या नाड्या बांधलेल्या होत्या. त्या तिनं सोडल्या आणि परत बांधल्या. शेवटची दोन मिनिटं मी तिला उतरवलं, मॅच जिंकलेली असताना. पुढच्या वर्षी तिनं संघात नाव दिलं नाही.

महाद्वार रोडला ती काही वर्षांनी भेटली, कडेवर मूल होतं. बोलता बोलता म्हणाली, "सर, मला वाटलं तुम्ही मला काढून टाकलं."

मी तिला बसवलं होतं. काढलं नव्हतं. पण हा फरक फक्त माझ्या डोक्यात होता. तिला मी तो कधी सांगितलाच नाही.

*

कबड्डीत याचं उत्तर आपल्या लोकांनी फार पूर्वी काढून ठेवलंय. हा खेळ खेळायच्या तीन रीती होत्या. 'अमर' रीतीत बाद झालेला खेळाडू बाहेर जातच नाही. समोरच्याला गुण मिळतो, खेळाडू आतच राहतो. 'गामिनी' रीतीत एकदा बाद झाला की अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. आणि 'संजीवनी' रीतीत बाद झालेला बाहेर बसतो, पण त्याच्या जोडीदारानं समोरचा गडी टिपला की परत आत येतो. आज जगभर खेळतात ती कबड्डी या संजीवनीवर उभी आहे.

स्टार्क्सला त्या रात्री अमर ठेवलं. माझ्या सात नंबरची गामिनी झाली. तिसऱ्या रीतीत मला सर्वांत आवडतं ते हे, की बसलेला स्वतःच्या बळावर परत येऊ शकत नाही. त्याला जोडीदार जिवंत करतो. आणि बोनसच्या गुणानं कुणी जिवंत होत नाही, त्यासाठी समोरच्याला बाद करावं लागतं. बाकावरच्याला परत आणणं हे आत खेळणाऱ्यांचं काम आहे, हे त्या नियमातच आहे.

*

संजीवनीचं अलीकडचं उदाहरण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज. २०२२ च्या विश्वचषकाच्या संघातच तिला घेतलं नव्हतं. २०२५ च्या विश्वचषकात पहिले चार डाव ०, ३२, ०, ३३. इंदूरला १९ ऑक्टोबरला इंग्लंडविरुद्ध संघाला एक गोलंदाज जास्त हवी होती, जेमिमाला बसवलं. भारत चार धावांनी हरला.

पुढच्याच सामन्याला ती परत आली. न्यूझीलंडविरुद्ध आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनानं शतक केलं, प्रतिका रावलनं शतक केलं, आणि जेमिमा नाबाद ७६. मग ३० ऑक्टोबरची उपांत्य फेरी. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. जेमिमा नाबाद १२७. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला तोवरचा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग.

सामन्यानंतर रडत तिनं सांगितलं की या दिवसांत मनावर फार ताण होता, रडू यायचं, आणि संघातल्या मैत्रिणी सोबत असायच्या. त्या सोबतीची नोंद धावफलकात नाही. पण १२७ मोजताना मी तेही मोजतो.

*

दुसऱ्या बाजूचंही लिहायला हवं. विनोद कांबळी : १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी तेविसाव्या वर्षी. एकदा बसवलं ते कसोटीपुरतं कायमचंच. कारणं बरीच सांगितली जातात, ती खरीही असतील. मला मात्र त्या वयाचा पोरगा दिसतो, ज्याच्यासाठी बाकाला शेवट नव्हता.

आणि आपले भाऊसाहेब निंबाळकर. जन्म कोल्हापूरचा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी असताना समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. भाऊसाहेबांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. बाकाची गोष्ट निघाली की ज्यांना बाकही मिळाला नाही ते आठवतात.

*

आमच्या संघातली बारा नंबर. शांत मुलगी. दोन वर्षं सरावाला सर्वांत आधी येते, बॉलची जाळी उचलून आणते, मॅचला चार-पाच मिनिटं खेळते. नऊ नंबरला बसवलं तर तिची जागा हिला मिळणार. नऊ नंबरचा विचार करताना मी तिला विसरत होतो. फॉर्म गेलेल्या मुलीवरची माया खरी, पण ती मायासुद्धा कुणाच्या तरी वाट्याची मिनिटं घेऊनच करता येते. आणि बारा नंबर चांगली खेळली तर? तर नऊ नंबरला जागेचं वचन देता येणार नाही. संधीचं देता येईल. दोघींना वेगवेगळं, खरं, आदल्या दिवशी सांगायचं.

*

बाकावर बसणं म्हणजे संपणं नव्हे, याचं एक उदाहरण मुलींना सांगण्यासाठी : क्ले थॉम्पसन. तेव्हा गोल्डन स्टेटचा, चार वेळा एनबीए जिंकलेला. जवळपास बारा वर्षं तो उतरला तो सुरुवातीच्या पाचातच. १५ फेब्रुवारी २०२४ ला प्रशिक्षकांनी त्याला बाकावरून उतरवलं. त्या रात्री यूटाविरुद्ध त्यानं ३५ गुण केले.

हे सांगताना एक काळजी घ्यायची. सगळ्यांना ३५ पडत नाहीत. बाकावरून उठलेल्या मुलीनं सहा गुण केले तरी ते पुरेत, हेही सोबत सांगायचं.

*

मराठीत 'बसवणं' हा फार मानाचा शब्द आहे. गणपती बसवतात. दिग्दर्शक नाटक बसवतो. सोनार खडा कोंदणात बसवतो. विस्कटलेल्या संसाराची घडी बसवतात. यातल्या कशातच कुणाला कमी लेखणं नाही. वस्तू तिच्या जागी नीट ठेवणं आहे. फक्त खेळाडूच्या बाबतीत आपण हा शब्द शिक्षेसारखा का वापरतो?

नवरात्रात आमच्याकडं घट बसतात. गावात अंबाबाईच्या देवळाभोवती दर्शनाची रांग लागलेली असते, आणि घरोघरी मातीत धान्य पेरून घट बसवलेला असतो. बसवतानाच उठायचा दिवस ठरलेला असतो. मधल्या दिवसांत पाणी घालायचं, दिवा जपायचा. आणि उठताना मातीतून कोंब वर आलेले असतात.

माझ्या सात नंबरला मी बसवलं, उठायचा दिवस सांगितला नाही, पाणीही घातलं नाही.

*

शुक्रवारी संध्याकाळी सराव संपल्यावर नऊ नंबरला थांबवलं. दोघंही पायरीवर बसलो. सांगितलं : दोन मॅच तू पहिल्या पाचात नसशील. शॉट हुकतात म्हणून नाही. तू बॉल मागायचं सोडलंस म्हणून. दोन्ही मॅचना तू उतरणार, दुसऱ्या क्वार्टरला. डाव्या कोपऱ्यातून शॉट मारायचा नाही, बाकी कुठूनही. रिबाउंड तुझे. तिसऱ्या मॅचच्या आदल्या दिवशी आपण परत इथंच बसू.

ती रडली. मी उठलो नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सर, बाकीच्यांना कधी सांगणार?"

"तुला सांगून झालं. आता उद्या सकाळी."

"बारा नंबरला आत्ताच सांगू का मी?"

या प्रश्नाला मी तयार नव्हतो. सांग म्हटलं.

*

पहिली मॅच. दुसऱ्या क्वार्टरला उतरली. दोन गुण, सात रिबाउंड. हात अर्धे वर. आम्ही हरलो. एका पालकांनी विचारलं की चांगली मुलगी बसवून काय मिळवलं? मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगतो. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

*

दुसरी मॅच. बारा नंबरनं सुरुवात केली आणि छान खेळली. तिनं एकदा मोकळा लेअप सोडून मागून येणाऱ्या नऊ नंबरला बॉल दिला. मी ओरडणार होतो, की स्वतः मार. ओरडलो नाही. शॉट रिंगला लागून बाहेर आला. बारा नंबरनं पुढच्या वेळी परत तिलाच दिला. तो पडला.

*

आज तिसऱ्या मॅचच्या आदल्या दिवसाचा सराव. पाऊस येऊन गेलेला, कोर्टचा एक कोपरा ओला, म्हणून एकाच रिंगवर खेळलो. नऊ नंबरनं चार शॉट मारले. चारही हुकले. वहीत चार फुल्या मारल्या. पाचव्या वेळी बॉल लांब, दुसऱ्या बाजूला होता, तिच्या अंगावर दोघी होत्या, आणि त्या दोघींच्या मागून तिचा हात वर आला, पंजा उघडा.

बॉल तिच्यापर्यंत पोचला नाही, मधेच कुणीतरी अडवला. मी तो वर आलेला हातच शॉट धरून वही मिटली आणि पायरीवर जाऊन बसलो. उद्याची पहिली पाच नावं ठरली होती. त्यात नऊ नंबर होती, बारा नंबरही होती. आता ज्या मुलीचं नाव त्यात नव्हतं, तिला आधी हाक मारली.